डॉक्युमेंटरी शिकायला दोन वर्षं कशाला?

आपल्या मंडळातल्या तिघा तरुणांनी गेल्या वर्षभरात मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. एक जण इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, एकीचं बी.कॉम. झालंय आणि तिसरा माझ्यासारखाच सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतोय. तिघांनाही डॉक्युमेंटरी करायला शिकायचंय, तेही पदवीनंतर दोन वर्षं देऊन, रीतसर. आणि तिघांच्याही घरचं म्हणणं सारखंच आहे: "मोबाईलमध्ये कॅमेरा आहे, यूट्यूबवर सगळं शिकवतात. मग त्यासाठी एम.ए. कशाला?"

हा प्रश्न माझ्याकडे येतो, कारण माझ्या धाकट्या बहिणीनं नेमकं हेच केलं. मी बी.ई. झालो आणि बडोद्यातच नोकरीला लागलो. तिनं पदवीनंतर तीन वर्षं नोकरी केली, पैसे साठवले आणि दिल्लीला जाऊन दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण केला. तिच्या शैक्षणिक कर्जाला मी जामीन राहिलो. ती सुट्टीत बडोद्याला शूटिंग करायची तेव्हा माईकची काठी धरायला मी असायचो, आणि तिच्या हार्ड डिस्क आजही माझ्याच कपाटात आहेत. त्यामुळे या शिक्षणाकडे मी थोडा आतून आणि थोडा बाहेरून बघितलंय.

घरच्यांच्या प्रश्नाला मी देतो ते उत्तर असं: कॅमेरा चालवायला शिकायचा असेल तर दोन वर्षं लागत नाहीत, दोन महिने पुरतात. उरलेला सगळा वेळ कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसाशी कसं वागायचं हे शिकण्यात जातो. ते यूट्यूबवर शिकता येत नाही. का, ते पुढे सांगतो.

आपल्याकडे हे नवं नाही

आई-बाबांच्या पिढीला डॉक्युमेंटरी म्हटलं की थिएटरमध्ये मुख्य सिनेमाच्या आधी लागणारी फिल्म्स डिव्हिजनची काळी-पांढरी रिळं आठवतात. फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली सुरू झालं आणि २०२२ मध्ये एनएफडीसीत विलीन झालं. त्या रिळांमुळेच 'माहितीपट' हा शब्द आपल्या डोक्यात घट्ट बसला. धरण किती उंच, गव्हाचं पीक किती आलं, अशी माहिती देणारा तो माहितीपट. पण सगळ्याच डॉक्युमेंटरी माहिती देण्यासाठी केलेल्या नसतात. काही नुसत्या बघतात, काही भांडतात, काही एका माणसाची सोबत करतात.

या कामाची सुरुवात तर मराठी माणसानंच केलेली आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ साली मुंबईत हँगिंग गार्डनला झालेली कुस्ती कॅमेऱ्यात टिपली. केंब्रिजहून रँग्लर होऊन आलेल्या र. पु. परांजप्यांचं १९०१ मध्ये मुंबईत स्वागत झालं, तेही त्यांनी चित्रित केलं. समोर घडतंय ते जसंच्या तसं टिपणारा हा आपला पहिला माणूस.

दादासाहेब फाळके तर आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकले. कथापट काढण्यासाठी भांडवल उभं करायचं होतं तेव्हा त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपत एक छोटी फिल्म केली आणि ती दाखवून पैसे देणाऱ्यांची खात्री पटवली. ही १९१२ सालची गोष्ट. 'राजा हरिश्चंद्र' आला तो त्यानंतर, १९१३ मध्ये. आज शिकणारी मुलं निधी मिळवण्यासाठी आधी दोन-तीन मिनिटांचा नमुना दाखवतात, ती पद्धत फाळक्यांनी शंभर वर्षांपूर्वीच वापरली होती.

कुठे शिकता येतं

आपल्या भागातल्या मुलांनी आधी जवळचीच नावं बघावीत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, फिल्म आणि व्हिडिओचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. पुण्याची एफटीआयआय १९६० पासून प्रभात स्टुडिओच्या जागेत आहे. कोलकात्याला सत्यजित राय यांच्या नावाची संस्था आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतला माध्यमांचा एम.ए. अभ्यासक्रम डॉक्युमेंटरीवर भर देणारा म्हणून ओळखला जातो. दिल्लीत जामिया मिल्लिया इस्लामियाचं मास कम्युनिकेशन केंद्र १९८२ साली सुरू झालं. 'रायटिंग विथ फायर' करणारे रिंटू थॉमस आणि सुष्मित घोष तिथलेच विद्यार्थी, आणि दिल्लीत जखमी घारींवर उपचार करणाऱ्या भावांवर 'ऑल दॅट ब्रीद्स' करणारे शौनक सेनही तिथलेच. या दोन्ही फिल्मना ऑस्करचं नामांकन मिळालं.

परदेशात जायचं असेल तर अमेरिकेत स्टॅनफर्डचा खास डॉक्युमेंटरीचा एमएफए आहे. युरोपात 'डॉकनोमॅड्स' नावाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो लिस्बन, बुडापेस्ट आणि ब्रसेल्स अशा तीन शहरांत फिरून शिकायचा असतो, आणि त्याला इरास्मस मुंडस शिष्यवृत्तीही मिळू शकते.

यातल्या बऱ्याच ठिकाणी पदवी कोणत्या शाखेची आहे याला फारसं महत्त्व नसतं. बी.ई., बी.कॉम., नर्सिंग, शेती, काहीही चालतं. नियम आणि शुल्क मात्र दरवर्षी बदलतात, म्हणून ते संस्थेच्या संकेतस्थळावरूनच बघायचे, कोणाच्या सांगण्यावरून नाही. सरकारी संस्था आणि परदेशी विद्यापीठ यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे घरी बोलताना आधीच स्पष्ट करून टाकावं.

मुलाखतीत माझ्या बहिणीला कॅमेऱ्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. "तुझ्या घरात सगळ्यात कमी कोण बोलतं आणि का?" असं विचारलं. ती पंधरा मिनिटं आमच्या आजीबद्दल बोलत होती.

पहिलं वर्ष: ऐकण्याचं

पहिल्या आठवड्यात कॅमेरा हातात दिलाच नाही. एका जागी तासभर बसायचं आणि फक्त कानावर काय पडतं ते लिहायचं, एवढाच अभ्यास. मग एकही शब्द बोलला जाणार नाही अशी तीन मिनिटांची फिल्म. मग एकाच माणसाच्या फक्त हातांची फिल्म. प्रत्येक ठिकाणचं शूटिंग संपलं की सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसून त्या रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करायचा, कारण संकलनात दोन वाक्यं सांधताना तोच आवाज मध्ये भरावा लागतो. पंखा, लांबची रिक्षा, भिंतीवरचं घड्याळ. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते हे मला तेव्हा कळलं.

मुलाखत घेण्याचीही शिस्त असते. हो किंवा नाही असं उत्तर येईल असा प्रश्न विचारायचा नाही. समोरच्याचं बोलणं संपलं की लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही, मनात दहा अंक मोजायचे. माणूस खरं बोलतो ते बरेचदा त्या दहा अंकांत. सुट्टीत घरी आल्यावर बहिणीनं हा प्रयोग आमच्या आजीवर केला. चाळीस वर्षं आम्ही जिला "काही नाही रे" एवढंच म्हणताना ऐकलं होतं, ती आजी दीड तास बोलली.

वर्गात फिल्म दाखवायच्या आणि त्यावर वाद घालायचा, हा रोजचा कार्यक्रम. रॉबर्ट फ्लाहर्टीची १९२२ सालची 'नानूक ऑफ द नॉर्थ' सगळीकडेच दाखवतात. बर्फाळ प्रदेशातल्या इनुइट कुटुंबाची ही फिल्म जगभर गाजली. पण नायकाचं खरं नाव नानूक नव्हतं, ते होतं अल्लाकारियल्लाक. त्या भागातले लोक तोवर शिकारीला बंदूक वापरू लागले होते, पण फिल्ममध्ये भाले दाखवले. बर्फाच्या घरात उजेड पुरेना म्हणून अर्धं घर उघडं ठेवून ते कुटुंब आत झोपल्याचं चित्रित केलं. मग हे खोटं म्हणायचं का? की कॅमेरा आत जाऊच शकत नव्हता म्हणून केलेली सोय? बहिणीच्या वर्गात यावर दोन तास भांडण चाललं, आणि शिक्षकांनी शेवटपर्यंत निकाल दिला नाही.

बिल निकल्स या अभ्यासकानं डॉक्युमेंटरीचे सहा प्रकार सांगितलेत. कुठे निवेदक समजावून सांगतो, कुठे कॅमेरा फक्त बघत राहतो, कुठे दिग्दर्शक स्वतः त्या घटनेत उतरतो, वगैरे. परीक्षेत ते लिहावे लागतात. पण त्याचा खरा उपयोग असा की आपण कुठे उभं राहून बघतोय, हे स्वतःला विचारायची सवय लागते.

खिळे जुळवणारे काका

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला स्वतःची फिल्म करायची होती. बहिणीनं विषय निवडला तो आपल्याच गावचा. दांडिया बझारच्या बाजूला एका जुन्या घराच्या तळमजल्यावर छापखाना होता. लग्नपत्रिका, गणेशोत्सवाचे कार्यक्रम, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सगळं तिथे छापलं जायचं. ऑफसेट आलं, मग कॉम्प्युटर आला, आणि छापखाना बंद पडला. मालक-कंपोझिटर काका आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. शिशाचे बरेचसे खिळे किलोवर गेले. पण एक ट्रेडल मशीन आणि मराठी-गुजराती खिळ्यांच्या काही केसेस त्यांनी ठेवल्या होत्या.

काका दोन्ही भाषांत खिळे जुळवायचे. अक्षरं उलटी, तरी हात न बघता चालायचा. मराठीला जोडाक्षरांचे खिळे वेगळे, म्हणून तिची केस मोठी. गुजरातीला डोक्यावर रेघ नाही, म्हणून ती जुळवायला हलकी, असं त्यांचं म्हणणं. बोलणंही तसंच, वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि हिशेब आला की गुजरातीत संपायचं. बहिणीला ते "दीकरा" म्हणायचे आणि मला "ए माईकवाले".

दिल्लीहून कॅमेरा घेऊन आलेल्या परक्या माणसासमोर काका असे बोलले नसते, याची मला खात्री आहे. हे भांडवल आपल्यासारख्या घरांतल्या मुलांकडे आयतं असतं. बडोद्यात मराठी-गुजराती, बेळगावात मराठी-कन्नड, इंदूर-ग्वाल्हेरात मराठी-हिंदी, हैदराबादेत मराठीसोबत तेलुगू आणि दख्खनी. दोन भाषांच्या सांध्यावर राहणारा माणूस ज्या भाषेत खरा बोलतो, ती ऐकू येण्यासाठी ऐकणाराही त्याच सांध्यावरचा लागतो.

दोन सुट्ट्या मिळून तीस तासांचं चित्रीकरण झालं. सेकंदाला शंभर मेगाबिट या वेगानं तासाला ४५ जीबी होतात, म्हणजे तीस तासांचे १,३५० जीबी. तीन प्रती ठेवायच्या, त्यातली एक दुसऱ्या घरात, हा नियम मी लावून दिला. रोज रात्री कॉपी करून पडताळणी केल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. इंजिनिअर भावाचा एवढा उपयोग.

मग सुरू झालं ते नुसतं ऐकणं आणि लिहून काढणं. तीस तासांतला प्रत्येक शब्द, वेळेसकट. त्यानंतर इंग्रजी उपशीर्षकं. दोन ओळींत मावलं पाहिजे आणि वाचायला वेळही मिळाला पाहिजे. एका भाषांतराच्या यंत्रानं 'खिळे' म्हणजे लोखंडी खिळे धरले आणि काका क्षणात सुतार झाले. आम्ही हसलो, पण उपशीर्षकं शेवटी माणसानंच करायची असतात हेही त्यातून कळलं.

सही होती, तरीही

चित्रीकरण सुरू करण्याआधी काकांकडून मराठीत लिहिलेलं संमतीपत्र घेतलं होतं. सही होती, तारीख होती. तिच्या शिक्षकांचा मात्र आणखी एक नियम होता: कच्चं संकलन झालं की ते आधी त्या माणसाला दाखवायचं, परीक्षकांना नंतर.

कच्ची फिल्म पंचवीस मिनिटांची झाली होती. त्यातली मधली सात मिनिटं सगळ्यात जबरदस्त होती. छापखाना बंद पडला त्याला ऑफसेटशिवाय घरातलंही एक कारण होतं, आणि ते काकांनी एका दुपारी आपणहून सांगितलं होतं. ती गोष्ट काय होती हे मी इथे लिहिणार नाही. लिहिली, तर पुढे जे घडलं त्याला अर्थ राहत नाही.

काकांनी आमच्याच घरी बसून पूर्ण फिल्म बघितली. चहा गार झाला. मग म्हणाले, "सगळं खरं आहे, दीकरा. मीच बोललोय. पण हे राहू नको देऊ. त्या घरात अजून येणं-जाणं आहे."

बहिणीच्या वर्गातल्या मित्रांचं मत पडलं की सही आहे, ते शुद्धीत बोलले, कोणी जबरदस्ती केली नाही, फिल्म दिल्लीत दाखवली जाणार, इथे कोण बघतंय? कागदावर हे सगळं बरोबर होतं. तिच्या मार्गदर्शक बाईंनी फोनवर एवढंच विचारलं, "ही सात मिनिटं ठेवली तर किंमत कोण देणार, तू की ते?"

दोन दिवस ती कोणाशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं ती सात मिनिटं काढली. त्या जागी दुसरं काही घातलं नाही. फिल्म अठरा मिनिटांची झाली. तीस तासांतून अठरा मिनिटं, म्हणजे शंभर मिनिटांतलं एक मिनिट.

फिल्म त्यामुळे कमकुवत झाली, हे मी बघणारा म्हणून सांगतो. मधे एक खड्डा जाणवतो. परीक्षकांनीही तेच विचारलं: छापखाना अचानक बंद का झाला, हे का कळत नाही? तिनं उत्तर दिलं की मला माहीत आहे, पण ते सांगायचा हक्क माझा नाही. गुण मध्यमच मिळाले. ज्या दोन महोत्सवांकडे फिल्म पाठवली, त्यांनी ती घेतली नाही.

कापलेला भाग पुसून टाकू का, असंही तिनं काकांना विचारलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पुसू नको. ठेव. मी गेल्यावर माझ्या मुलाला विचार." तेव्हापासून ती सात मिनिटं माझ्या कपाटातल्या दोन डिस्कवर आहेत. दर सहा महिन्यांनी मी त्या जोडून फायली शाबूत आहेत का एवढंच तपासतो. उघडत नाही. हा लेखही पाठवण्याआधी काकांना वाचून दाखवला. त्यांनी दोन वाक्यं काढायला सांगितली, ती काढली.

हा फक्त आपल्या गावचा प्रश्न नाही

मोठमोठ्या फिल्ममध्येही घोडं इथेच अडलंय. फ्रेडरिक वाइजमन हे मुळात कायदा शिकवणारे. त्यांची पहिली डॉक्युमेंटरी 'टिटिकट फॉलीज', १९६७ सालची, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या गुन्हेगार मनोरुग्णांच्या रुग्णालयावर होती. तिथल्या माणसांचे हाल बघून अंगावर काटा येतो. रुग्णांच्या खासगीपणाचा भंग होतो या कारणानं न्यायालयानं सर्वसामान्यांना ती दाखवण्यावर बंदी घातली, आणि ती १९९१ मध्ये उठली. पण त्या बंदीमुळे रुग्णांइकंच सरकारचंही संरक्षण झालं, असं म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांचं म्हणणं सहज उडवून लावता येत नाही. सत्ता हातात असलेल्या माणसानं 'हे काढा' म्हणणं आणि काकांनी म्हणणं, या दोन गोष्टी एक नव्हेत. हा फरक ओळखणं हाच खरा अभ्यास.

आनंद पटवर्धनांच्या 'हमारा शहर' या १९८५ सालच्या फिल्ममध्ये मुंबईतल्या झोपडपट्टीतली एक बाई थेट चित्रीकरण करणाऱ्यांनाच सुनावते की गरिबांचे फोटो काढून तुम्ही तुमचं नाव कमावणार. पटवर्धनांनी ते दृश्य कापलं नाही. वर उल्लेख केलेली 'रायटिंग विथ फायर' ही 'खबर लहरिया' या बुंदेलखंडातल्या महिला पत्रकारांच्या वृत्तसंस्थेवर आहे. ऑस्कर सोहळ्याच्या आधी त्या संस्थेनं जाहीर निवेदन काढून सांगितलं की फिल्ममध्ये आमच्या कामाची एकच बाजू आली, पूर्ण चित्र आलं नाही. फिल्म चांगली असणं आणि जिच्यावर ती आहे त्या माणसाला ती आपली वाटणं, यात अंतर राहू शकतं.

माझ्या धंद्यात चूक सापडली की दुरुस्ती करून नवी आवृत्ती पाठवता येते. फिल्म एकदा लोकांनी बघितली की कोणाच्या डोक्यातून ती परत घेता येत नाही.

पोटापाण्याचं काय?

आता घरच्यांचा खरा प्रश्न. स्वतःच्या डॉक्युमेंटरीवर घर चालवणारे लोक फार थोडे. बाकीचे दुसरं काम करून आपली फिल्म पुढे ढकलत असतात. बहीण आज संस्थांसाठी छोट्या फिल्म करते, दुसऱ्यांच्या फिल्मचं संकलन करते आणि आठवड्यातून दोन दिवस शिकवते. कधी दोन महिने सलग काम असतं, कधी दोन महिने फोन वाजत नाही. कर्जाचे हप्ते तिनं चुकवले नाहीत, पण त्यासाठी पहिली दीड वर्षं तिनं आमच्याच घरी राहून खर्च वाचवला. हे लपवण्यासारखं नाही आणि मिरवण्यासारखंही नाही.

या कामाच्या ओळखीच्या जागा म्हणजे मुंबईचा मिफ, जो १९९० पासून भरतो, केरळचा लघुपट-माहितीपटांचा महोत्सव, काठमांडूचा फिल्म साउथ एशिया. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स कलाप्रकल्पांना अनुदान देते. ही दारं उघडायला वेळ लागतो, आणि ती ठोठावायला कसं जायचं हे शिक्षणात कळतं, सोबतही मिळते. बहिणीला आज मिळणारं निम्मं काम वर्गातल्या मित्रमैत्रिणींकडून येतं.

मग जायचं का?

त्या तिघांना मी जे सांगितलं तेच इथे लिहितो.

अर्ज भरण्याआधी मोबाईलवरच दहा मिनिटांची एक फिल्म करा. आपल्या वाड्यातला, पोळीतला, गल्लीतला एक माणूस निवडा. शक्यतो तुमच्या वयाच्या दुप्पट वयाचा. भजनी मंडळातली आजी, जुन्या मराठी शाळेतले गुरुजी, गणपतीची मूर्ती घडवणारे, कोणीही. साधा कॉलरचा माईक घ्या, कारण चित्र थोडं हललं तर चालतं, आवाज फाटला तर चालत नाही. त्यांच्या भाषेत संमतीपत्र लिहून आधी त्यांना वाचून दाखवा. प्रश्न विचारा आणि मनात दहा मोजा.

फिल्म झाली की ती सगळ्यात आधी त्याच माणसाला दाखवा. सोशल मीडियावर टाकण्याआधी, मित्रांना पाठवण्याआधी. आणि समजा ते म्हणाले की यातला सगळ्यात चांगला तुकडा काढून टाक, तर त्या क्षणी आपल्याला काय वाटतं ते नीट बघा. नुसता राग आला आणि सहीचा कागद आठवला, तर कॅमेऱ्याची बाकी कितीतरी चांगली कामं आहेत, ती करावीत. पण राग येऊनही दोन दिवस झोप लागली नाही, विचारत राहावंसं वाटलं की यांचं बरोबर की माझं, तर मग दोन वर्षं द्यायला हरकत नाही. त्या प्रश्नाशी झटणारी वीस-पंचवीस माणसं एका वर्गात भेटतात, आणि दोन वर्षांची फी मुख्यतः त्यासाठीच असते.

आई-बाबांनाही एक विनंती. मुलगा किंवा मुलगी हे शिकायला निघाली तर "नोकरी कुठली?" हे जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे. पण त्यासोबत "तुला कोणाची गोष्ट सांगायची आहे?" हेही विचारा. उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आलं, तर मूल विचार करून बोलतंय असं समजा.

आणि त्या दहा मिनिटांच्या फिल्मसाठी माईकची काठी धरायला कोणी हवं असेल, तर कळवा. रविवारी मी मोकळा असतो.